आवडत नाही, तर बघता कशाला?

हा प्रश्न मालिका बघणाऱ्या बाईला घरातला कुणीही, कधीही विचारू शकतो. ती साडेसातला टीव्हीसमोर बसते, अर्धा तास नायिकेला बावळट ठरवते, लिहिणाऱ्याच्या अकलेचे वाभाडे काढते, 'लई ताणायलेत' असा निकाल देते आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा तिथंच बसलेली असते. विचारणाऱ्याला वाटतं, आपण तिला चांगलंच पेचात पकडलं.

हाच गृहस्थ रविवारी भारताचा सामना लागला की पहिल्या चेंडूपासून कर्णधाराला शिव्या घालत असतो. 'याला कुणी घेतला संघात?', 'पीच वाचता येत नाही साल्यांना.' त्याला कुणी म्हणत नाही, की आवडत नाही तर बघता कशाला. राजकारणाचंही तेच. परभणीत चहाच्या टपरीवर तासभर उभं राहिलं तर आमदार-खासदारांपासून नगरसेवकांपर्यंत कुणाचीच अब्रू शिल्लक राहत नाही, आणि मतदानाला मात्र हे सगळे जातात. त्यांना आपण जाणकार म्हणतो. बाईनं मालिकेला नावं ठेवली की तीच गोष्ट विसंगती ठरते. टीका करत प्रेम करण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, याची ही वाटणी मला मुळातच मान्य नाही.

माझं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेचा खरा प्रेक्षक तोच, जो तिच्यावर नाराज आहे. कुरकुर हा तिच्या बघण्याचाच भाग आहे, आणि आमच्याकडे तर अर्ध्याहून मोठा भाग आहे.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांना आठवतात त्यांना हे पटेल. मराठवाड्यातल्या गावांत तेव्हा ऐन संध्याकाळी वीज जायची. ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' चालू होती; २००१ साली सुरू झालेली ही मालिका पुढं तीन हजार भागांच्याही वर गेली. भाग चुकला की दुसऱ्या दिवशी, हापशावर घागर भरता भरता, ज्यांच्याकडे वीज होती त्यांना विचारायचं: 'काल काय झालं व माय?' आणि मग जे सांगितलं जायचं, ती खरी समीक्षा असायची. अर्ध्या तासाचा भाग सांगणारी दीड-दोन मिनिटांत संपवायची. कुठला प्रसंग सांगायचा, कुठला गाळायचा, कुणाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं आणि कुणाचं 'ती बोंबलली आपली नेहमीसारखी' एवढ्यावर उडवायचं, हे सगळं तिनंच ठरवायचं. एखाद्या दिवशी उत्तर यायचं, 'काही नाही, नुसतं एकमेकींकडं बघायलेत.' एका वाक्यात भागाचा निकाल. वर्तमानपत्रातल्या कुठल्याही समीक्षकाला एवढ्या थोडक्यात एवढं नेमकं लिहिताना मी अजून वाचलेलं नाही.

सांगणारी हे फुकट करत नव्हती. तिचा तिथं मान होता. जी सगळं गोग्गोड सांगायची तिच्याकडं दुसऱ्यांदा कुणी जात नसे.

आता 'होणार सून मी ह्या घरची' घ्या. २०१३ ते २०१६ या काळातली, झी मराठीवरची. तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर ही जोडी घराघरांत पोचलेली. श्री आणि जान्हवी ही नावं पाळण्यात ठेवली जाण्याइतकी लाडकी. आणि त्याच लाडक्या जान्हवीचं बाळंतपण २०१५ मध्ये असं लांबलं, की अख्खा महाराष्ट्र तिच्या तारखेवर विनोद करत सुटला. मोबाइलवर रोज नवा. हे विनोद मालिका न बघणाऱ्यांनी रचलेले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवं. न बघणाऱ्याला महिने मोजता येत नाहीत. ज्या बाया रोज बघत होत्या त्यांनीच बोटं मोजली, आणि त्यांना मोजता येतातच, कारण बाळंतपणाचा हिशोब त्यांच्याइतका कुणाला असणार? डोहाळे कधी, ओटी कधी भरायची, सातव्या महिन्यात चाल कशी होते, माहेरी कधी न्यायचं, हे सगळं ज्यांना पाठ आहे त्यांच्यासमोर तुम्ही कॅलेंडरच गिळून बसलात तर त्या बोलणारच.

या थट्टेच्या पोटात एक गंभीर आक्षेप होता. मालिकेतला वेळ खोटा आहे, हा तो आक्षेप. एका सत्यनारायणाला पाच भाग लागतात आणि मग एका पाटीनं सहा महिने उडी मारतात. हे का होतं, हेही टीका करणाऱ्याला ठाऊक असावं असं मला वाटतं. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तर बावीस-तेवीस मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस. म्हणजे दर महिन्याला साधारण चार चित्रपटांएवढी लांबी लिहायची, सजवायची, चित्रित करायची, जोडायची. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा. कलाकार आजारी पडला की संवाद सकाळी बदलतात. मुख्य माणसाला चार दिवस सुट्टी हवी असली की गोष्टीतला तो माणूस 'ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला' जातो. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये तर शनाया साकारणारी नटीच बदलली. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, पुन्हा रसिका आली, आणि 'आधीची बरी का नंतरची' हा वाद घरोघर रंगला. एवढ्या घाईत जे तयार होतं त्याला कादंबरीची मापं लावणं अन्याय आहे. पण घाई आहे म्हणून नऊ महिन्यांचे वीस करा, असाही त्याचा अर्थ होत नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त बोललं गेलं ते 'आई कुठे काय करते' या मालिकेवर. तिच्यावर थोडं थांबतो, कारण तिच्याबद्दलची चर्चा अभिनय-संवाद यांच्या पार पुढं गेली होती.

स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ गोष्ट बंगाली: लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमोयी'. हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशी भावंडंही झाली. मराठीत मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती. पंचवीस वर्षं देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात राबलेली बाई. लग्नाला पंचवीस वर्षं होताना तिला कळतं की नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसातल्या संजनाशी सूत जमलंय. घटस्फोट होतो. ती गाणं पुन्हा हाती घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, पुढं आशुतोषशी लग्न करते. आणि एवढं होऊनही पहिल्या सासरच्या 'समृद्धी'त तिचं येणं-जाणं सुटत नाही.

इथं परभणीतल्या बायकांचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणायचा, 'लेकरं तिथंच हायेत, मग जाणार नाही तर काय करणार?' दुसरा म्हणायचा, 'सून होती तवर ठीक होतं. आता कामून पोळ्या लाटायच्या तिथं?' ऐकायला हा मालिकेवरचा वाद. पण त्यात कोणकोणते प्रश्न येऊन बसलेत ते बघा. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं सासरच्या घरावर काय राहतं? घर कुणाच्या नावावर? सासू-सासऱ्यांशी जुळलेलं नातं नवऱ्याबरोबर तुटतं का? चाळिशी उलटून गेल्यावर दुसरं लग्न केलेल्या आईकडं लेकीनं कुठल्या तोंडानं बघायचं? ज्या घरात पोटगी हा शब्द मोठ्यानं उच्चारला जात नाही, तिथं सासू शेजारी मेथी निवडत बसलेली असताना सून म्हणू शकत होती, 'अरुंधतीनं घराचा हिस्सा सोडायला नको होता.' सासू म्हणू शकत होती, 'कांचनसारखी सासू कुणाला मिळू नये बया,' आणि सुनेकडं बघायची सुद्धा नाही. दोघींना जे म्हणायचं ते म्हणून व्हायचं, भांडण मात्र देशमुखांच्या घरात राहायचं.

म्हणून या बायकांनी मालिकेला नावं ठेवणं बंद करावं असं ज्याला वाटतं, त्याला आपण नेमकं काय बंद करायला सांगतोय याचा अंदाज नसतो.

आणि टीका भाबडी मुळीच नव्हती. दुसऱ्या लग्नानंतर तरी या बाईला थोडं सुखात बघू द्या, असा हट्ट होता, आणि आशुतोषला अपघातात मारलं तेव्हा लोक दुःखी झाले त्यापेक्षा जास्त चिडले. चार वर्षं तुम्ही सांगत आलात की बाई स्वतःच्या बळावर उभी राहू शकते. मग तिला पांढऱ्या कपाळानं उभी करण्यात कुठला शहाणपणा? हा आक्षेप मालिकेनं स्वतःच शिकवलेल्या मापानं मालिकेला मोजत होता. समीक्षेची याहून चांगली व्याख्या मला तरी माहीत नाही. त्याच सुमारास, मार्च २०२४ मध्ये, मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. साडेसातची जागा नव्या मालिकेला हवी होती. दुपारी अडीचला रानात किंवा दुकानात असणाऱ्या बायकांचा प्रश्न त्या वेळापत्रकात बसत नव्हता.

प्रेमानं भांडण्याची ही रीत आमच्या जिल्ह्याला परकी नाही. गंगाखेड परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं, संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या नावावरचे अभंग ज्यांनी वाचलेत त्यांना ठाऊक आहे, की ही बाई विठ्ठलाला किती मोकळेपणानं शिव्या घालते. त्याची बायको रांडावली म्हणण्यापर्यंत तिची मजल जाते. सातशे वर्षं लोक ते अभंग गातात आणि कुणी तिला विचारत नाही, की पटत नाही तर भजतेस कशाला. भक्तीच्या हिशोबात शिव्या जवळिकीच्या खात्यात जमा होतात. मालिका म्हणजे देव नव्हे, ही तुलना मी फार ओढणार नाही. पण गावात हरिनाम सप्ताह झाला की दुसऱ्या दिवशी पारावर कीर्तनकाराचं काय होतं ते बघावं. 'बुवांनी अभंग धरला आणि सोडूनच दिला', 'चुटके लई, परमार्थ कमी', 'मागच्या साली हाच दृष्टांत होता.' बोलणारे सगळे रात्रभर पहिल्या रांगेत बसलेले असतात. ऐकून मग बोलायचं, आणि ऐकलंय म्हणूनच बोलायचं, हा तिथला नियम आहे. न ऐकता बोलणाऱ्याला पारावर जागा नाही.

मालिकेच्या बाबतीत हा नियम उलटा झालाय. जो बघत नाही त्याचं मत मोठं. 'मी असलं काही बघत नाही' हे वाक्य म्हणून झालं की माणूस पुढं दहा मिनिटं मालिकांवर बोलतो. सगळ्या सारख्याच, सगळ्यांत कटकारस्थानं, सगळ्या बायका रात्री झोपताना दागिने घालून. यातलं बरंचसं खरंही आहे, आणि दागिन्यांवर तर बघणाऱ्या बायाच जास्त हसतात. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि मालिकेच्या स्वयंपाकघरात पाणी भरून ठेवलेलं एक पिंप दिसत नाही. गॅस संपत नाही. फोडणीनं कुणाला ठसका लागत नाही. हे बारकावे टिपायला रोज बघावं लागतं. 'सगळ्या सारख्याच' म्हणायला एकदाही बघावं लागत नाही.

आता खरा आक्षेप. 'तुम्ही शिव्या घालत बघा नाहीतर डोळे पुसत बघा, वाहिनीला काय फरक पडतो? तुमचा राग त्यांच्या आकड्यात मिळतो.' हे मात्र खोडता येत नाही. प्रेक्षकसंख्या मोजणारी 'बार्क' ही संस्था २०१५ पासून आकडे देते, आणि त्याच वर्षी ग्रामीण भाग पहिल्यांदा मोजणीत आला. त्याआधी गावातली बाई आकड्यांत नव्हतीच. पण मोजणी होते ती देशभरातल्या पन्नास हजारांच्या आसपास घरांत, आणि २०२० सालच्या अंदाजानुसार भारतात टीव्ही असलेली घरं होती सुमारे २१ कोटी. म्हणजे चार हजारांत एक घर. ते कोणतं हे गुपित असतं, आणि असायलाच हवं. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्यावर अरुंधतीसारख्या सगळ्या नायिकांचं भवितव्य ठरतं. त्या घरात बसवलेल्या मोजणीच्या यंत्राला टीव्ही चालू आहे आणि समोर कोण बसलंय एवढंच कळतं. समोरचा माणूस 'येड्यात काढायलेत आपल्याला' म्हणतोय, हे कळत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, पत्रांचा उल्लेख करायचे. सतरा महिन्यांत चार लाखांवर पत्रं आली असं सांगतात. पोस्टकार्डावर का होईना, पण तिथं 'का आवडलं नाही' हे लिहायला जागा होती. यंत्रात ती जागा नाही.

तेव्हा मालिका बदलण्याचं हत्यार म्हणून आपली टीका बोथट आहे, हे मान्य. पण टीकेचं मोल त्यावरूनच कशाला ठरवायचं? तुकोबांवर पारावर चर्चा होते ती तुकोबांनी अभंग दुरुस्त करावेत म्हणून नव्हे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इएन आंग या अभ्यासिकेनं नेदरलँड्समधल्या 'विवा' नावाच्या स्त्रियांच्या साप्ताहिकात छोटी जाहिरात दिली: मला 'डॅलस' ही अमेरिकन मालिका आवडते, लोक त्यावर विचित्र बघतात, तुम्हाला ती का आवडते किंवा का आवडत नाही ते कळवा. उत्तरादाखल ४२ पत्रं आली आणि त्यांतून एक गाजलेलं पुस्तक झालं. त्या पत्रांत मालिकेला हसत, तिची टर उडवत, तरीही न चुकता ती बघणाऱ्या बायका होत्या. आणि श्रीमंतांची ही पोकळ गोष्ट आपण का बघतो याचं उत्तर स्वतःलाच देत बसलेल्याही होत्या. टेक्सासच्या तेलवाल्यांची गोष्ट आणि ॲमस्टरडॅमचं स्वयंपाकघर यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच 'समृद्धी' बंगला आणि सेलू-मानवतच्या घरात. बोलणं मात्र ओळखीचं.

प्रेक्षकांची टीका कुठं घसरते तेही सांगायला हवं. अनिरुद्धच्या वाट्याच्या शिव्या तो साकारणाऱ्या मिलिंद गवळींना देणं ही टीका नाही. खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांना हे आयुष्यभर सोसावं लागलं आणि आपण अजून ते किस्से कौतुकानं सांगतो. नटीच्या रंगावर, अंगावर, वयावर बोलणं हीसुद्धा टीका नाही, आणि ते बायकाच जास्त बोलतात हे खरं असलं तरी सुटका नाही. आणखी एक: आपला माणूस पडद्यावर आला की जीभ मऊ होते. संकर्षण कऱ्हाडे परभणीचे. 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये ते होते तेव्हा इथले कडक प्रेक्षकही त्यांच्या प्रसंगांपुरते सौम्य व्हायचे. माहेरचा माणूस. हे स्वाभाविक आहे, पण मग दुसऱ्याच्या माहेरच्या माणसालाही थोडी सूट द्यावी.

उलट जो आक्षेप इथून जोरात यायला हवा तो फारसा येत नाही. मालिकांत कोल्हापूरचा राणादा झाला, साताऱ्याचा फौजी झाला, कोकणातला नाईकांचा वाडा झाला, नागपुरी बोलणारी राधिका झाली. मराठवाडा मालिकेत येतो तो बहुधा हसवायला, एखाद्या प्रहसनात 'कामून' म्हणण्यापुरता. ज्या बायका जान्हवीचे महिने मोजतात, त्या आपली बोली किती वर्षांत ऐकली नाही हे मोजत नाहीत. कदाचित 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे स्वतःवरच म्हणत आल्यामुळे अपेक्षाच केली नसेल.

परभणी हे काही साहित्याला नवखं शहर नाही. लेखक बी. रघुनाथ इथं राहिले, इथंच त्यांनी लिहिलं, आणि त्यांच्या नावानं इथं अजून कार्यक्रम होतात. १९९५ साली ६८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. कथेवर, कवितेवर, कादंबरीवर परिसंवाद घ्यायला आम्हाला कधी माणसं कमी पडली नाहीत. पण पाच वर्षं रोज लाखो मराठी माणसांनी बघितलेल्या गोष्टीवर एक संध्याकाळ घ्या म्हटलं तर आयोजक हसतील. घ्यावी, असं माझं मत आहे. 'ठरलं तर मग' घ्यायला हरकत नाही: डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली, मूळ तमिळ 'रोजा', आणि नायिका सायली कोण आहे हे प्रेक्षकाला कधीचं माहीत असून घरच्यांना वर्षानुवर्षं न कळण्याची करामत. त्यातल्या मधुभाऊंच्या खटल्यावर बोलायला परभणीच्या कोर्टात तारखा घेऊन दमलेला कुणीही वक्ता चालेल. खऱ्या कोर्टापेक्षा मालिकेतलं कोर्ट वेगवान आहे असं म्हणणाराही एखादा निघेल. अध्यक्षपदासाठी माझ्या डोळ्यांसमोर गल्लीतल्याच तीन-चार जणी आहेत. त्यांची अट एकच असेल: काहीही करा, कार्यक्रम आठच्या आत संपवा.